हे नीट बसल्याशिवाय

शनिवार, १ मार्च

डायरी लिहायची माझी पद्धत नाही. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांनी लिहायचं आणि मी त्यातल्या चुका काढायच्या, असा संसार. ही डायरी हिने आणून ठेवली होती, कोरीच होती. ही जाऊन आज अडतीस दिवस झाले.

सकाळी लेकीचा फोन आला. नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण घरात ती ठमीच राहिली. म्हणाली, "बाबा, मी नऊ तारखेला येते. सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय. गाडी घेऊन जाईल तो."

"कुठली गाडी?" मी विचारलं. जशा काही आमच्या दारात चार उभ्या आहेत.

"आईची. आईला गरज होती तेव्हा जी सुरू झाली नाही, ती गाडी मला डोळ्यांसमोर नको."

हे मीच तिला सांगितलं होतं. दवाखान्यात मी बाकावर बसलो होतो, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "इतका उशीर कसा झाला?" मी म्हटलं, "गाडी सुरू होईना." डॉक्टर तेवढ्यात म्हणून गेले होते की थोडं आधी आला असतात तर. पुढचं बोलले नाहीत. लोकांची अर्धी वाक्यं पुरी करून देण्यात माझा जन्म गेला, पण ते वाक्य मला अजून पुरं करवत नाही.

ठमी तेव्हा आणखी एक म्हणाली होती. "तुला गाडी येत असती तर." तिचंही वाक्य अर्धंच.

रविवार, २ मार्च

सगळं लिहूनच काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला हिच्या छातीत कळ आली. घामाने भिजली होती. मी म्हटलं, फोन करून गाडी मागवू. ही म्हणाली, "ती येईपर्यंत आपण पोचू. मी चालवते, तू ये." आणि चावी घेऊन गेलीसुद्धा. मी निघालो तर चष्मा सापडेना. दवाखान्याच्या फायलीतलं वाचायचं तर चष्मा हवा. तो सापडला, तर मागचं दार उघडं. ते लावलं. पुढच्या दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, फाटकापर्यंत गेलो आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. छापलेलं दोनदा वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, तसंच कुलपाचं.

बाहेर येऊन पाहतो तर गाडी जागच्या जागी. चावी लावलेली, हिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. मी बसलो, दार ओढलं, पट्टा लावला, तेव्हा कुठे ती सुरू झाली. एवढा वेळ बिचारी एकटीच झगडत असणार. दवाखान्याच्या आवारात हिने गाडी रेघांच्या बरोबर मध्ये लावली, हँडब्रेक ओढला आणि मान खाली टाकली.

आज बॉनेट उघडलं. बॉनेट उघडायची कळ कुठे असते हे शोधण्यातच अर्धा तास गेला. आत बघवत नव्हतं. तेलावर धूळ, धुळीवर तेल, कोपऱ्यात वाळलेली पानं. दर वर्षी डिसेंबरात ही स्वतः इंजिन साफ करायची. मी खुर्ची टाकून शेजारी बसायचो आणि पेपरातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवायचो. या डिसेंबरात म्हणाली, "यंदा राहू दे रे, हल्ली दम लागतो." मी म्हटलं, "बरं." आणि पेपर वाचत राहिलो.

म्हणजे घाणीनेच घात केला. इंजिन स्वच्छ केलं आणि ठमीसमोर एका झटक्यात सुरू झालं, तर कदाचित ती ऐकेल. या गाडीत हिने तीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. शेजारच्या सीटसमोर, पायाशी, शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक अजून तसाच आहे. ती भंगारात गेली तर माझ्याकडे उरणार काय, कुलूप?

सोमवार, ३ मार्च

डॅशबोर्डच्या खणात हिची वही सापडली. वर लिहिलंय 'बॉनेटखालचं कुटुंब'. मला वाटलं गोष्ट आहे. ती निघाली इंजिन साफ करायची पद्धत, एक ते बारा. शिकायला येणाऱ्यांसाठी लिहिलेली असावी. पण भागांची खरी नावं एका जागी असतील तर शपथ. सगळीकडे माझे नातेवाईक.

'मामंजी वजनदार. काही बोलत नाहीत, पण चुकीच्या हाताला धरलं तर जन्मभर लक्षात राहील असा झटका देतात. त्यांचा काळा हात आधी सोडवावा, लाल नंतर. जोडताना उलट.' ही बॅटरी. आमचे वडील अगदी असेच होते.

'सासूबाई सारख्या फिरतीवर, पण घरातले सगळे दिवे त्यांच्या जिवावर. अंगावर पाणी उडालेलं खपत नाही. पिशवी घालून वर रबरबँड.' हा अल्टरनेटर, वीज तयार करतो तो. फ्यूजचा डबा म्हणजे वन्सं: 'आत सतरा कप्पे, एक दुखावला की घरात अंधार.' रेडिएटर म्हणजे भावोजी, तापलेले असताना टोपण उघडायचं नाही. आणि इंजिन जिथून हवा ओढतं ते तोंड म्हणजे आत्याबाईंचं नाक: 'सगळीकडचं वारं आत घेतात. नाकात फडक्याचा बोळा घालावा, काम झाल्यावर आठवणीने काढावा, नाहीतर घर गुदमरेल.'

मी हसलो. अडतीस दिवसांत, नाही, चाळीस दिवसांत पहिल्यांदा हसलो आणि मग ते हसणं कुठल्या कुठे गेलं, खूप वेळ रडत बसलो. एकटा असलो की आवाज मोठा येतो.

थोडं वाईटही वाटलं. आईवडील आले, बहीण आली, तापट भाऊ आला, आत्यासुद्धा आली. माझ्या नावाचा मात्र एक स्क्रूही नाही.

शुद्धलेखन बरं आहे. बारावं कलम तेवढं सदोष. 'हे नीट बसल्याशिवाय चावी फिरवू नये. कितीही घाई असो.' हे म्हणजे काय? नामच नाही. लाल पेनाने 'हे'भोवती गोल केला आणि समासात 'नाम?' असं लिहिलं. हिच्या वहीत पहिल्यांदाच लाल शाई लावली.

मंगळवार, ४ मार्च

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. इंजिन क्लीनरची बाटली, हातमोजे, दोन ब्रश घेतले. दुकानदार म्हणाला, "आजोबा, प्रेशरचं मशीन भाड्याने न्या. दहा मिनिटांत चकाचक." मी म्हटलं, "नातेवाईक आहेत, बंब नको." हे हिचंच वाक्य, सहाव्या कलमातलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगबगीने निघालो.

बुधवार, ५ मार्च

सकाळी सातला सुरुवात. इंजिन गारच हवं, ते तर सहा आठवड्यांचं गार.

मामंजींचा काळा हात सोडवला, मग लाल. ताठ उभा राहून, त्यांच्यासमोर नेहमी राहायचो तसा. सासूबाई, वन्सं आणि इंजिनचा छोटा कंप्यूटर यांना पिशव्या घातल्या, आत्याबाईंना बोळा. खाली जुनी चादर अंथरली, घाण गटारात जाऊ नये म्हणून, तेही लिहिलंय. आधी कोरड्या ब्रशने धूळ आणि पानं काढली. मग तेलकट जागीच क्लीनरचा फवारा, इंजिनच्या रबरी पट्ट्यावर नाही. पाच मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचं नाही. जुन्या टूथब्रशने घासायचं. टूथब्रश हिचा होता. न्हाणीघरात तसाच राहिला होता. मी तो घेतला, परत ठेवला, मग पुन्हा घेतला. शेवटी माझा वापरला.

पाणी फवाऱ्याच्या बाटलीने, अगदी थोडं, आणि लगेच फडकं. खालून राखाडी धातू दिसायला लागला. कंबर मोडली. ही साठीनंतरही हे दर वर्षी करायची, आणि मी खुर्चीत बसून म्हणायचो, "बघ, पुन्हा 'पाहिजे'तला 'हि' दीर्घ छापलाय."

दुपारपर्यंत झालं. बॉनेट उघडं ठेवलं. आत सगळं कुटुंब नाहून बसलं होतं.

गुरुवार, ६ मार्च

वाळलं. पिशव्या काढल्या, मोजून. लाल जोडला, मग काळा. चावी घेऊन बसलो आणि बारावं कलम आठवलं.

'हे नीट बसल्याशिवाय.' काय नीट बसायला हवं? हे टोपण असेल, तेलाचं. बसलेलं आहे. हे झाकण असेल, फिल्टरचं. तेही बसलंय. अनेकवचन धरलं तर हे पाइप, हे बोल्ट. एकेक हलवून पाहिला. 'बसल्याशिवाय' हे रूप लिंग सांगत नाही की वचन सांगत नाही. व्याकरणाने हात वर केले. बाकी कुठल्याच कलमात 'कितीही घाई असो' असं नाही, म्हणजे हे सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच मला कळत नाही. चुकून काही सुटलं आणि इंजिन बिघडलं तर ठमीचंच खरं झालं.

चावी न फिरवता उतरलो. मिस्त्रीला फोन केला.

शुक्रवार, ७ मार्च

मिस्त्री दहाला आला. तोच या गाडीचं सगळं बघतो. दवाखान्यातून गाडी घरी आणली तीही त्यानेच.

वाकून पाहिलं आणि पहिल्यांदा त्याने आत्याबाईंच्या नाकातला बोळा उपसून काढला. मी पिशव्या मोजल्या होत्या, बोळा मोजला नव्हता.

"काका, सुरू करून बघितली नाहीत ना?"

"नाही."

"वाचलात. बाकी काम झकास केलंय. बाई असत्या तर शाबासकी दिली असती."

मी वही पुढे केली. "बारा नंबरला अडलोय. हे म्हणजे कुठला भाग?"

त्याने वाचलं. हसला. माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "काका, हे म्हणजे तुम्ही."

"शक्य नाही. आमचं पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. हिने मला कधी 'हे' म्हटलेलं नाही."

"तुमच्यासमोर नसतील म्हणत. आमच्यात तर सारखं चालायचं. आज ह्यांचं पुस्तक छापून आलं. ह्यांच्या नजरेतून चूक सुटायची नाही. ह्यांना गाडीत भीती वाटते, पण बोलून दाखवत नाहीत. मीही गाडी बाईंकडेच शिकलो ना. पहिला धडा हाच. शेजारचा माणूस नीट बसला, दार लागलं, पट्टा लागला, मगच चावी. मी एकदा आधीच फिरवली, तर मला उतरवून चालत घरी पाठवलं होतं. म्हणाल्या, हे अजून बाहेर असताना मी कधी गाडी सुरू केली नाही, तू कोण टिकोजीराव?"

मी म्हटलं, "पण त्या दिवशी सुरू होत नव्हती."

"कुठली, ही?" त्याने बॅटरीला मीटर लावला, आकडा पाहिला. "जानेवारी लागला तेव्हा नवी बॅटरी मीच घातली. दवाखान्यातून आणली तेव्हा अर्ध्या चावीत सुरू झाली. इंजिन वरून कितीही मळलेलं असू दे, सुरू व्हायचं त्याने थांबत नाही. चावी द्या, आत्ता दाखवतो."

"आज नको," मी म्हटलं.

तो गेला. मी पायरीवर बसलो होतो, किती वेळ ते माहीत नाही.

गाडी सुरू होत नव्हती असं नाही. ही सुरू करत नव्हती. मी चष्मा शोधत होतो तेव्हा ही थांबली होती. मी मागचं दार लावलं तेव्हा थांबली होती. कुलूप ओढून पाहिलं तेव्हा, फाटकातून परत फिरलो तेव्हा, दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा. हॉर्न वाजवला नाही. हाक मारली नाही, मारायला श्वास नसेल. छातीत तसली कळ आणि हात स्टिअरिंगवर. मी बसेपर्यंत.

सहा मिनिटं. सात असतील. डॉक्टरांचं वाक्य आता पुरं झालं.

शनिवार, ८ मार्च

या डायरीची मागची पानं वाचली. चुका शोधायला नाही, सवयीने. प्रत्येक पानावर मी हिला नुसतं 'ही' लिहिलंय. एकदाही नाम नाही. माझ्या डोळ्याला ते कुठे खटकलं नाही.

लाल पेन काढलं. समासातलं 'नाम?' खोडलं. 'हे'खाली टिंबं दिली आणि बाजूला लिहिलं, 'आहे तसं राहू द्या.' छापखान्यात तपासणाऱ्याला स्वतःची चूक कळली की तो असं लिहितो. मी नोकरीत फार वेळा लिहिलं नाही. मला वाटायचं ती माझी हुशारी.

संध्याकाळी गाडीत जाऊन माझ्या सीटवर बसलो. दार लावलं, पट्टा लावला. पायांखाली तो जादा ब्रेक. नीट बसलो. चावी फिरवायला कुणी नव्हतं.

उद्या ठमी येणार. गाडी वाचवायची तर खरं सांगावं लागेल. नाही सांगितलं तर सोमवारी गाडी जाईल आणि लेक माझ्याजवळ राहील, निदान आहे तेवढी तरी. आई गेल्यापासून ती दर आठवड्याला फोन करते. ते एवढंच आहे माझ्याकडे.

रविवार, ९ मार्च

ठमी अकराला आली. बॅग ठेवली आणि म्हणाली, "भंगारवाला उद्या नऊला येतोय. कागद काढून ठेव."

मी पाणी दिलं. ती प्यायली. मी ठरवलेलं सगळं विसरलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. चष्मा, मागचं दार, कुलूप, दुसऱ्यांदा कुलूप. मिस्त्री काय म्हणाला ते. वही तिच्या हातात दिली, बारावं कलम उघडून.

तिने वाचलं. परत वाचलं. लेक माझीच.

"म्हणजे आई थांबली होती."

"हो."

"आणि तू मला गाडी म्हणालास."

"मला खरंच गाडीच वाटली गं."

"दोनदा कुलूप, बाबा? आईला तसं होत असताना?"

"दोनदा."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टेबलावरची चावी उचलली आणि बाहेर गेली. मी खोलीत तसाच उभा. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. मग बंद केल्याचा. गाडीचं दार लागलं. मी इंजिनच्या आवाजाची वाट पाहत राहिलो. मनात म्हटलं, घेऊन जाऊ दे. गाडी तरी वाचली.

आवाज येईना.

एक मिनिट गेलं, दोन गेली. काहीतरी मी बिघडवलंच. लाल, काळा, बोळा, सगळं मनात पुन्हा मोजलं आणि धावत बाहेर आलो. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

ठमी हिच्या जागेवर बसली होती. चावी लावलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. समोर बघत होती, गाल ओले.

"सुरू होत नाहीये का?" मी विचारलं.

"बस."

"चष्मा आत राहिलाय. आणि दाराला कुलूप..."

"बाबा," ती म्हणाली, अजून समोरच बघत, "मी थांबलेय. बस ना."

मी बसलो. दार ओढलं. पट्टा काही केल्या लागेना. तिने घाई केली नाही. खट्ट आवाज येईपर्यंत थांबली, वळून माझ्या दाराकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं.

मग चावी फिरवली. अर्ध्या चावीत सुरू झाली.

आम्ही दोघं रडत होतो आणि इंजिन मऊ आवाजात चालू होतं. थोड्या वेळाने ठमीने नाक पुसलं, भंगारवाल्याला फोन करून उद्या येऊ नका म्हणून सांगितलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली. कोपऱ्यावर वळताना मी मागे वळून पाहिलं. घराचं दार सताड उघडं होतं. मी काही बोललो नाही.